विषाणू आत शिरतो तरी कसा?

(द्वितीय वर्ष कला)

मी कला शाखेची विद्यार्थिनी. विषाणूवर लेख लिहिण्याचा मला अधिकार काय, असा प्रश्न वाचकांना पडेल. अधिकार नाही, पण कारण आहे. ते आधी सांगते.

मे २०२० मध्ये माझे काका मुंबईहून भाट्याला आले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी होती आणि हातचे काम गेलेले चाकरमानी मिळेल त्या वाहनाने कोकणात परतत होते. काकांना चौदा दिवस शाळेत राहावे लागले. तो नियम होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण चौदा दिवस पुरे झाले, ताप नाही, खोकला नाही, तरी वाडीतले कुणी आमच्या विहिरीकडे फिरकेना. एका दुकानदाराने बाबांच्या हातची नोट काठीने पुढे ओढून घेतली. आणि दुसऱ्यांचे कशाला सांगू? मी स्वतः काकांचे ताट पडवीच्या पायरीवर ठेवून धावत आत येत असे. तेव्हा मी चौदा वर्षांची होते.

त्या दिवसांत आजी एकसारखी विचारायची, "अगं, त्याला हात नाहीत, पाय नाहीत, तोंडही नाही म्हणतात. मग तो मेला माणसाच्या आत शिरतो तरी कसा?" उत्तर देणारे घरात कुणी नव्हते. बाबा होडीवर जातात, आई मासे विकते. कॉलेजची पायरी चढलेली घरातली मीच पहिली. गेल्या वर्षी धीर करून हा प्रश्न मी विज्ञान शाखेच्या एका सरांना विचारला. त्यांनी हसण्यावारी न नेता फळ्यावर चित्रे काढून तो समजावून दिला. मला जसे उमगले तसे येथे मांडते.

कोरोनाचा विषाणू साधारण शंभर नॅनोमीटर रुंद असतो. असे दहा हजार विषाणू एका ओळीत ठेवले तर एक मिलिमीटर भरेल. साध्या सूक्ष्मदर्शकाला तो दिसतच नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२० साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे छायाचित्र घेतले, तेव्हा भारतातील रुग्णाच्या नमुन्यातला हा विषाणू प्रथम डोळ्यांना दिसला. त्याच्या पोटात आरएनए नावाचा एक धागा असतो. सुमारे तीस हजार अक्षरांचा हा संदेश म्हणजे नवे विषाणू बनवण्याची कृती. पण ती कृती करायला चूल, भांडी, सामान यांतले त्याच्याकडे काहीच नाही. ते सारे आपल्या पेशीत आहे. म्हणून त्याला आत शिरावेच लागते.

आता मुख्य गोष्ट. या विषाणूच्या अंगावर मेदाचे, म्हणजे स्निग्ध पदार्थाचे, पातळ आवरण असते. हे आवरण त्याने स्वतः केलेले नसते. तो ज्या पेशीत तयार होतो, तिच्याच आतल्या पडद्याचा तुकडा पांघरून बाहेर पडतो. आपल्या प्रत्येक पेशीभोवतीही असाच मेदाचा पडदा आहे. म्हणजे येणारा आणि ज्याच्या दारी आला तो, दोघांच्या अंगावर एकाच जातीचे वस्त्र! फ्लू, डेंगी, चिकुनगुन्या, एड्स यांचे विषाणू याच कुळातले नसले तरी त्यांनाही असे आवरण असते. २०१६ साली शेजारच्या सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात माणसे दगावली, त्या माकडतापाच्या विषाणूलाही ते असते. पोलिओच्या विषाणूला मात्र ते नसते. त्याचे कवच निव्वळ प्रथिनांचे.

माशाच्या कालवणावर तेलाचे तवंग तरंगताना आपण पाहतो. दोन तवंग जवळ आले की एक होतात. विषाणू आणि पेशी यांचे मीलन याच प्रकारचे आहे. पण ते आपोआप होत नाही. दोन पडद्यांच्या मध्ये पाण्याचा अतिसूक्ष्म थर असतो आणि तो त्यांना सहजासहजी एकमेकांना भिडू देत नाही. तो थर बाजूला सारायला जोर लागतो. हा जोर लावतात विषाणूच्या अंगावरचे काटे. हे काटे प्रथिनांचे असतात.

भाट्याच्या खाडीत होडी धक्क्याला लावताना मी लहानपणापासून पाहते. आधी धक्क्यावरच्या खुंटाचा नेम धरायचा, मग दोर टाकायचा आणि दोर खेचत होडी धक्क्याला भिडवायची. विषाणूचेही तसेच. आपल्या नाकातल्या, घशातल्या, फुफ्फुसातल्या काही पेशींवर एसीई-२ नावाचे प्रथिन असते. ते पेशीच्या स्वतःच्या कामासाठी असते, पण विषाणूचा काटा नेमका तोच खुंट धरतो. मग पेशीजवळचे एक पाचक प्रथिन त्या काट्याला छेद देते. छेद बसताच काट्यात दडलेले टोक उसळून पेशीच्या पडद्यात रुतते. काट्याचे एक टोक आता पेशीत, दुसरे विषाणूत. मग काटा मधोमध दुमडतो आणि दोन्ही पडद्यांना ओढून एकमेकांना भिडवतो. आधी बाहेरचे थर मिसळतात, मग आतले. एक छिद्र पडते, ते रुंदावते आणि आरएनएचा धागा पेशीत उतरतो. आवरण बाहेर पेशीच्या पडद्यातच मिसळून जाते.

दुसरीही एक वाट आहे. कधीकधी पेशी विषाणूला एका पिशवीत घेऊन गिळते. पिशवी आत जाता जाता आंबट होते आणि फ्लू, डेंगी, माकडताप यांच्या विषाणूंना तो आंबटपणाच इशारा ठरतो. ते पिशवीच्या पडद्याशी एकरूप होऊन आत उतरतात. कोरोनाला दोन्ही वाटा ठाऊक आहेत.

या यंत्रणेत एवढासा बदल झाला तरी काय होते, ते २०२१ साली दिसले. डेल्टा या प्रकारात काट्यातील ६८१ क्रमांकाची एक कडी बदलली होती. त्यामुळे काट्याला छेद अधिक सहज बसे आणि मीलन जलद होई. त्याच डेल्टाच्या पुढच्या रूपाचे, डेल्टा प्लसचे, जून २०२१ मध्ये महाराष्ट्रात जे २१ रुग्ण सांगितले गेले, त्यांतले ९ आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते.

पण जे आवरण विषाणूचे बळ, तेच त्याचे मर्म. साबणाच्या कणाचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे स्निग्धाकडे. ही स्निग्धाची टोके आवरणात पाचरीसारखी घुसतात आणि ते फाटते. आवरण फाटले की काटे विखुरतात, दोर टाकायला कुणी उरत नाही. आजी तेलकट टोप साबणाने घासते, तेव्हा नेमके हेच घडते. लसही याच दारावर पहारा बसवते. लशीमुळे तयार होणारी प्रतिद्रव्ये काट्याच्या टोकाला चिकटतात आणि मग त्याला खुंट धरता येत नाही.

हे सारे समजल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो काकांचा. विषाणूला श्वासाबरोबर नाकाघशात पोचावे लागते, नेमका खुंट सापडावा लागतो, तेव्हा कुठे तो आत जातो. म्हणून सुरुवातीचे अंतर योग्यच होते, तोंडावरचा मास्कही योग्य होता. पण चौदा दिवसांनंतर धडधाकट माणसाची सावली, त्याने काढलेले विहिरीचे पाणी, त्याचे नाव, त्याचे मुंबईहून येणे, यांतल्या कशालाही काटे नव्हते. भीती खरी होती, तिला माप नव्हते. ते माप ज्ञानाने मिळते, आणि ते आम्हांला वेळेवर मिळाले नाही.

आजीला मी हे कालवण आणि होडीच्या भाषेत सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मग आपण घाबरलो ते कुणाला गं?" मला उत्तर देता आले नाही.

काका आजही गणपतीला येतात. जेवायला मात्र पडवीतच बसतात. आत बोलावले तर "इथे वारा बरा लागतो" म्हणतात. हा लेख छापून आला की मी तो त्यांना वाचून दाखवणार आहे. आणि त्या दिवशी त्यांचे पान स्वयंपाकघरात माझ्या शेजारी वाढणार आहे.