नव्या मोटारसायकलीची भाषा

घरी नवी मोटारसायकल येते तेव्हा तिला हळदकुंकू वाहिले जाते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, पेढे वाटले जातात. चार-आठ दिवस लोटतात आणि चिरंजीवांची मुद्रा चिंतातुर दिसू लागते. ‘इंजिनातून टकटक येते, क्लचही विचित्र लागतो, गाडी सदोष तर निघाली नाही ना?’ ह्या प्रश्नाचे उत्तर घरातील वडीलधाऱ्यांसही ठाऊक असावे. कारण निष्कारण भीती आणि निष्काळजीपणा ही दोन्ही सारखीच महाग पडतात.

हा विषय चिखलीस तरी परका नाही. एका अंगास आकुर्डी, इंद्रायणीपलीकडे चाकण, आणि मध्ये सुटे भाग घडविणारे लहानमोठे कारखाने. १९९९ साली बजाजचा चाकणचा कारखाना सुरू झाला, २००१ साली ‘पल्सर’ बाजारात आली, आणि मोटारसायकल ही ह्या पट्ट्याची ओळखच होऊन बसली.

प्रथम आवाजाचा विचार करू. इंजिनातील झडप आणि तिला दाबणारा भाग यांच्यामध्ये मुद्दाम अतिसूक्ष्म फट ठेवलेली असते. तापल्यावर धातू प्रसरण पावतो. फट नसती तर झडप नीट मिटली नसती व पुढे जळून गेली असती. थंड इंजिनातील हलकी टकटक ही बहुधा ह्या फटीचीच होय. हवेने थंड होणाऱ्या इंजिनास पाण्याचे वेष्टन नसल्यामुळे ती अधिक स्पष्ट ऐकू येते. परंतु इंजिन तापल्यावर आवाज वाढू लागला, अथवा चढावर खोल ठोके पडू लागले, तर गाडी थांबवून आधी ऑईलची पातळी पाहावी आणि मिस्त्रीस दाखवावे.

आता क्लच. बहुतेक मोटारसायकलींत घर्षणाच्या व पोलादाच्या चकत्या एकाआड एक, ऑईलमध्ये बुडालेल्या असतात. स्प्रिंगा त्यांस घट्ट दाबून धरतात. मूठ आवळली म्हणजे त्या विलग होतात. मुठीच्या टोकाशी साधारणतः दहा ते वीस मिलिमीटर मोकळी चाल असावी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. चाल मुळीच नसेल तर चकत्या घसरतात, इंजिन ओरडते पण वेग वाढत नाही. चाल फार झाली तर क्लच पुरता सुटत नाही. गिअर अडतो आणि न्यूट्रल सापडत नाही. चौकात गाडी पुढे सरकू पाहते, हा धोका लहान नव्हे. नवी केबल वापराने बसते, म्हणून पहिल्या सर्व्हिसिंगला ती जुळवून घेणे अगत्याचे आहे.

त्याच वेळी ऑईलही बदलतात. नव्या भागांची खरखर घासली जाऊन धातूचा बारीक कण त्यात उतरलेला असतो. स्वस्त मिळते म्हणून मोटारगाडीचे ऑईल घालू नये. त्यातील काही द्रव्यांनी क्लच घसरू शकतो. सिग्नलपाशी अर्धवट क्लच धरून उभे राहण्याची सवयही चकत्यांचे आयुष्य खाते.

चिखलीस वारकरी परंपरा ‘टाळगाव’ म्हणते. एक टाळ चुकला तरी दिंडीत जाणकाराच्या कानास कळते. नव्या गाडीच्या धन्यानेही पहिल्या महिन्यात कान तसाच तयार करावा. रोज पहाटे पाळीवर जाणारा मुलगा सुखरूप परतावा अशी ज्या घरची अपेक्षा आहे, त्या घराने लिंबाइतकाच विश्वास ह्या कानावरही ठेवावा.