उतरवलेलं सोलर पॅनेल लगेच भंगारात नको

कोलकात्यातल्या बेहाल्यातून जाणारा डायमंड हार्बर रोड पुढे काकद्वीपकडे जातो. तिथून मुरीगंगा नदी ओलांडली की सागर बेट. तारेची वीज पोहोचण्याच्या कितीतरी आधी, १९९६ मध्ये, या बेटावर कमलपूरला २६ किलोवॉटचा सौर प्रकल्प उभा राहिला होता. त्या पिढीच्या पॅनेलांनी पंचविशी ओलांडली आहे, आणि त्यांच्याबद्दलचे गैरसमजही तितकेच जुने आहेत.

‘पंचवीस वर्षं झाली, पॅनेल संपलं.’ असं नसतं. कंपनीच्या पंचवीस वर्षांच्या हमीचा अर्थ एवढाच, की पंचवीस वर्षांनीही पॅनेल मूळ क्षमतेच्या सुमारे ८० टक्के वीज देईल. गच्चीवर जागा कमी म्हणून ते बदललं, तरी एखाद्या टपरीचा दिवा-पंखा त्यावर आरामात चालतो. कधी बिघाडही किरकोळ असतो. पॅनेलच्या पाठीवर जंक्शन बॉक्सची काळी डबी असते. तिच्यात बहुधा तीन डायोड असतात आणि प्रत्येकाकडे एक तृतीयांश सेल. एक डायोड शॉर्ट झाला की तेवढी वीज जाते. जुन्या डब्या उघडता येतात, जाणकार तंत्रज्ञ डायोड बदलून देतो. मात्र काच तडकली किंवा इन्सुलेशन गेलं, तर ते पॅनेल पुन्हा जोडू नये. इथे काटकसर जिवावर बेतते.

‘भंगारवाल्याने नेलं म्हणजे पुनर्चक्रण झालं.’ मला सर्वांत जास्त टोचतो तो हा समज. ॲल्युमिनियमची चौकट आणि तांब्याच्या वायरी सहज निघतात, म्हणून तेवढ्या विकल्या जातात. उरलेल्यात वजनाने बहुतांश काच, आणि तिला ईव्हीए नावाच्या प्लास्टिकने घट्ट चिकटलेले सिलिकॉनचे सेल. सेलवरच्या केसासारख्या रेघा चांदीच्या असतात. पॅनेलच्या वजनात चांदी ०.१ टक्क्याहूनही कमी, पण किमतीत तिचा वाटा मोठा. ती मिळवायची तर उष्णतेने ईव्हीए सोडवून पुढे रासायनिक प्रक्रिया करावी लागते. हातोड्याने काच फोडली की चांदी आणि सिलिकॉन दोन्ही मातीत जातात.

पॅनेल विषारी असतं, ही भीती अर्धी खरी. कॅडमियम असतं ते कॅडमियम टेल्युराइडच्या पातळ थराच्या पॅनेलांत. नेहमीच्या सिलिकॉन पॅनेलात नाही. त्यात असतं झाळणातलं शिसं. धड पॅनेलमधून ते बाहेर येत नाही, फुटलेले तुकडे पावसात पडून राहिले तर झिरपू शकतं.

आणि कायदा आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलं येतात. २०३४-३५ पर्यंतचा हा कचरा नीट साठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. म्हणून पॅनेल उतरवताना आधी विक्रेत्याला किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राला विचारा. ऊन असेपर्यंत उतरवलेल्या पॅनेलमध्येही वीज असते, तेव्हा ते जाड कापडाने झाका. मागचं लेबल खरवडू नका. कंपनी, वॅट आणि व्होल्टेज त्यावरच लिहिलेलं असतं. त्याशिवाय ना दुसरा कोणी ते पॅनेल वापरू शकतो, ना उत्पादक सापडतो.