छपराविना एक वर्ष

२६ सप्टेंबर १९८१ रोजी कलावंत तेहचिंग श्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर आला आणि वर्षभर छपराखाली गेला नाही. इमारत नाही, भुयारी रेल्वे नाही, मोटार नाही, तंबूसुद्धा नाही. सोबत एक स्लीपिंग बॅग. हे नियम त्याचे त्यानेच लिहून काढले होते आणि खाली सही केली होती.

तैवानचा हा तरुण १९७४ साली खलाशी म्हणून आला, फिलाडेल्फियाजवळ जहाजावरून उतरला आणि परत गेलाच नाही. जवळ कागदपत्रं नव्हती. भांडी घासून, साफसफाई करून तो दिवस काढत होता. १९७८ ते १९८६ या काळात त्याने एकेक वर्षाचे पाच प्रयोग केले. पहिलं वर्ष आपल्याच स्टुडिओत बांधलेल्या पिंजऱ्यात गेलं. बोलायचं नाही, वाचायचं नाही, लिहायचं नाही. दुसऱ्या वर्षी दर तासाला, रात्रीसुद्धा, कारखान्यातल्यासारखं हजेरीचं कार्ड पंच करायचं. ८७६० पैकी १३३ वेळा ते चुकलं. त्या चुकांचीही त्याने नोंद ठेवली, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्याच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण पिंजऱ्यापासून सुरुवात करतात. माझ्या मते खरी कसोटी तिसऱ्या, रस्त्यावरच्या वर्षाची होती. पिंजऱ्याला कुलूप होतं, ठरलेल्या दिवशी बघायला येणारी माणसं होती. रस्त्यावर तो कुणालाच कलावंत वाटत नव्हता. उघड्यावर झोपणाऱ्या शेकडो माणसांतला तो एक होता, आणि त्यांना मात्र ही निवड नव्हती. ही बोच कायम राहते, ती झटकून टाकता येत नाही.

रोज तो मॅनहॅटनच्या नकाशावर आपला दिवस उतरवायचा. कुठे जेवला, कुठे झोपला, शौचाला कुठे गेला, खाण्यावर किती खर्च झाला. त्या वर्षीचा हिवाळा कडाक्याचा होता. फोटोंत तो शेकोटीपाशी बसलेला दिसतो. नकाशावरची वाकडीतिकडी रेघ मात्र काही बोलत नाही, तक्रारही करत नाही. एवढं सोसून झाल्यावर सोसण्याचा गाजावाजा न करणं फार अवघड असतं.

नियम एकदाच मोडला, तोही त्याच्या हातून नव्हे. एका भांडणानंतर पोलिसांनी त्याला पकडून ठाण्यात नेलं. त्या वेळचं चित्रण आहे: पोलीस आत ओढताहेत आणि तो आकांताने ओरडतोय. उंबरठ्याआतल्या कोठडीला इतका घाबरलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. पंधरा तास तो आत होता. पुढे खटला उभा राहिला, तेव्हा न्यायाधीशांनी त्याला बाहेरच थांबू दिलं.

त्यानंतर वर्षभर कलावंत लिंडा मोंटानोबरोबर ८ फुटी दोरीने बांधून घेणं झालं, एकमेकांना स्पर्श न करता. मग कलेपासून पूर्ण दूर राहण्याचं एक वर्ष. नंतर १९९९ च्या अखेरीपर्यंत १३ वर्षं त्याने काम लोकांना दाखवलंच नाही. २००९ साली न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयांनी त्याला जागा दिली. २०१७ च्या व्हेनिस बिएनालेत तो तैवानचा प्रतिनिधी होता.

ज्या शहराच्या फुटपाथवर त्याने ते वर्ष काढलं, तिथे कायद्याने राहण्याची मुभा त्याला १९८८ साली कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांसाठीच्या माफी योजनेत मिळाली. तोवर एकेका वर्षाचे पाचही प्रयोग होऊन गेले होते.