अंधारातली लाल बॅटरी

जुन्या पिवळ्या सोडियम दिव्याखाली लालभडक गाडी काळपट, मळकट दिसायची, आठवतं? रंग उडालेला नसायचा. त्या उजेडात लाल रंग जवळपास नसतोच, मग गाडी परत पाठवणार तरी काय?

खोल समुद्रात हेच घडतं. पाणी सूर्यप्रकाशातला लाल रंग वरच्या वरच गिळून टाकतं. निळा तेवढा खाली झिरपतो. १००० मीटरच्या पुढे तोही नाही. त्यामुळे तिथल्या कोळंब्या खुशाल लालबुंद असतात. ताटात उठून दिसतील, तिथे मात्र त्या काळोखाचाच तुकडा. तिथले अनेक जीव स्वतः उजेड पाडतात, पण तो बहुधा निळसर, आणि बहुतेकांच्या डोळ्यांनाही तेवढाच कळतो.

मॅलॅकोस्टियस नावाचा वीतभर काळा मासा मात्र वस्ताद! त्याच्या डोळ्याखाली चक्क लाल दिवा असतो. झोत अंगावर पडला तरी शिकारीला पत्ता नाही. पण तो लाल उजेड त्याला स्वतःला दिसतो कसा? त्याच्या डोळ्यात हरितद्रव्यापासून झालेलं एक रसायन असतं. ते लाल प्रकाश पकडतं आणि डोळ्यातल्या नेहमीच्या रंगद्रव्याला जागं करतं. पानांतलं द्रव्य, माशाच्या डोळ्यात!

जबडाही अजब. तळ काढलेल्या टोपलीसारखा. खाली कातडीच नाही, म्हणून पाणी न अडता झपकन पुढे झेपावतो. एवढा सरंजाम, आणि पोटात सापडतात ते बरेचसे कोपेपॉड, दाण्याएवढे जीव. ते हरितद्रव्यही बहुधा त्यांच्यातूनच येतं.