वर्षातून दोनदा येणारी यादी

पहिली जानेवारी आली की आपण भिंतीवर नवं कॅलेंडर लावतो. त्याच दिवशी भारत आणि पाकिस्तान एकमेकांना एक यादी देतात: आमच्या तुरुंगात तुमची ही ही माणसं आहेत. १ जुलैला पुन्हा तसंच.

आमच्या देवणीत समुद्र फक्त नकाशात. तो शिकवताना मुलं विचारतात, "बाई, पाण्यावर हद्द कशी आखतात?" प्रश्न खराच आहे. कच्छजवळच्या सर क्रीक खाडीपाशी ती अजूनही आखलेली नाही. पालघर जिल्ह्यातले डहाणू-तलासरीकडचे कितीतरी गडी गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. मासळीच्या मागे बोट पुढे गेली की थेट कराचीचा मलीर तुरुंग. आपल्याकडचा उसतोडीला गेलेला नवरा निदान फोन तरी करतो. तिथल्या बाईला बोट धरली गेल्याचंच कुणाकडून तरी कळतं. लेकरं, सासूचं औषधपाणी, सारं एकटीवर.

ही यादी २१ मे २००८ च्या करारातली. पकडलेल्याला तीन महिन्यांत आपल्या वकिलातीचा माणूस भेटला पाहिजे. शिक्षा संपून तो कुठल्या देशाचा हे नक्की झालं, की महिन्याभरात सुटका. हा झाला कागदावरचा महिना. प्रत्यक्षात वर्षं जातात. माणूस आपलाच हे दाखवायला घरचे कागद लागतात, म्हणून घरधनी लांब कामाला निघाला की रेशनकार्ड, आधार, शाळेचा दाखला यांच्या झेरॉक्स घरी ठेवून घ्याव्यात. हे मी आपल्याकडच्या बायकांनाही सांगते, बरं का!

१९९९ साली लाहोरच्या बसचं केवढं कौतुक झालं, आणि त्याच उन्हाळ्यात कारगिल. २०१९ मध्ये ती बसही थांबली. यादीचा गाजावाजा कुणी करत नाही. २०२३ च्या मे महिन्यात पाकिस्तानने १९८ मच्छीमार सोडले, जूनमध्ये आणखी २००. मग २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगाम झालं, अटारीचं ठाणं बंद पडलं, मेमध्ये क्षेपणास्त्रं सुटली. मला वाटलं, आता कुठली यादी! पण १ जुलैला ती निघालीच. भारताने ३८२ नागरी कैदी आणि ८१ मच्छीमारांची नावं दिली. पाकिस्तानने ५३ कैदी आणि १९३ मच्छीमारांची.

नाव आलं म्हणजे सुटका झाली असं नव्हे. पण आपला माणूस तिकडे मोजला गेलाय एवढं घरी कळतं, आणि कागद घेऊन कुणाच्या दारी जायचं तेही.