अस्थिमज्जाशोथ : एक संज्ञा आणि दोन व्याधी

‘अस्थिमज्जाशोथ’ ही संज्ञा ऐकताच जंतुसंसर्गाची कल्पना मनात येते. वस्तुतः तिच्या घटकांत जंतूंचा निर्देश कोठेही नाही. मूळ ग्रीक शब्दांपैकी ‘ऑस्टिऑन’ म्हणजे हाड आणि ‘मायलॉस’ म्हणजे मज्जा. ‘आयटिस’ हा प्रत्यय आरंभी केवळ ‘तत्संबंधी’ एवढाच अर्थ सांगणारा होता. ‘दाहयुक्त सूज’ हा अर्थ त्यास पुढे रूढीने लाभला. जंतूंचा अर्थ मात्र व्यवहाराने चिकटविलेला आहे.

या भेदाचे महत्त्व १९७२ साली स्पष्ट झाले. गिडिऑन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांतील अशा अस्थिशोथाचे वर्णन केले की, ज्यात हाडे अनेक ठिकाणी सुजत, परंतु जंतू सापडत नसत. पुढे या व्याधीस ‘दीर्घकालिक पुनरावर्ती बहुस्थानी अस्थिमज्जाशोथ’ असे नाव पडले. तथापि ती प्रत्येक रुग्णात उलटतेच किंवा अनेक हाडांत असतेच असे नाही. म्हणून ‘जंतुविरहित’ हे विशेषण अधिक यथार्थ ठरले. येथे शरीराची उपजत प्रतिकारयंत्रणाच अकारण प्रक्षुब्ध होते, आणि हाड झिजविणाऱ्या पेशी अधिक क्रियाशील होतात.

ही व्याधी पाठीच्या कण्यात शिरली म्हणजे मणका दबतो, क्वचित चपटा होतो व पाठीस बाक येतो. वेदना अल्प असल्यास हे सारे नकळत घडते. म्हणूनच संपूर्ण शरीराच्या एमआरआय तपासणीस विशेष महत्त्व आहे.

महाराष्ट्रात अशा मुलाविषयी प्रथम शंका येते ती मणक्याच्या क्षयाची, आणि ती रास्तही होय. क्षयात मणक्यांमधील चकती व भोवतालच्या ऊती बहुधा ग्रस्त होतात, गळूही होते. जंतुविरहित शोथात चकती सामान्यतः शाबूत राहते. परंतु या लक्षणास अपवाद असल्यामुळे केवळ प्रतिमेवर निर्णय देता येत नाही. हाडाचा तुकडा काढून त्याची सूक्ष्मदर्शी व जंतुविषयक परीक्षा बहुधा करावी लागते. तीत क्षयाप्रमाणे कर्करोगाचीही शक्यता दूर करावयाची असते.

प्रमाद दोन्ही बाजूंनी घातक होय. जंतुविरहित शोथास क्षय मानल्यास मूल अनेक महिने निरर्थक औषधे घेते व मणका दबतच राहतो. उलटपक्षी, क्षय न ओळखता प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दिल्यास क्षय बळावतो. निदान निश्चित झाल्यावर दाहशामक औषधे व मणका ग्रस्त असल्यास बहुधा बिस्फॉस्फोनेट वर्गातील औषधे उपयोगी पडतात; योग्य वेळी उपचार झाल्यास दबलेल्या मणक्याची उंची काही मुलांत अंशतः भरूनही येते.

तात्पर्य, ‘शोथ’ म्हणजे ‘संसर्ग’ नव्हे. पारिभाषिक शब्दाच्या अर्थाची ही मर्यादा सांभाळणे हा केवळ कोशकाराचा आग्रह नसून, येथे त्यावर एखाद्या मुलाचा ताठ कणा अवलंबून आहे.