पाच वॉट पुरे झाले!

कोयना जलविद्युत प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट. वॉटमध्ये सांगायचं तर १९६ कोटी. कोयनानगरमधल्या पोरांना हा आकडा शाळेपासून तोंडपाठ असतो. पण आज गोष्ट आहे फक्त पाच वॉटची. गिटारच्या छोट्या अ‍ॅम्पची, तोही व्हॉल्व्हचा. आणि आधीच सांगून टाकतो, पाच वॉट म्हणजे थोडे नव्हेत. क्वार्टरमधल्या दहा बाय बाराच्या खोलीत पाच वॉट म्हणजे शेजारच्या काकू दार वाजवणार, हे नक्की!

प्रत्येक ग्रुपमध्ये एक भिडू असतो. गिटार घेऊन सहा महिने झाले की त्याला ‘मोठा’ अ‍ॅम्प पाहिजे असतो. पन्नास वॉट, शंभर वॉट. गणपतीच्या डीजेमुळे आपल्या डोक्यात वॉटचं गणित पक्कं बसलंय : जेवढे जास्त, तेवढं भारी. गिटारच्या अ‍ॅम्पला हे गणित लागूच पडत नाही. का, ते नीट बघू. कारण यात खिशातले पैसे आहेत, कान आहेत आणि एका ठिकाणी तर चक्क जीव आहे.

पहिलं म्हणजे आवाज आणि वॉट सरळ रेषेत वाढत नाहीत. वॉट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला ‘हां, दुप्पट झाला’ असं वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, आणि त्यासाठी वॉट दहापट करावे लागतात. म्हणजे पन्नास वॉटचा अ‍ॅम्प पाच वॉटच्या दहापट मोठा वाजत नाही, जेमतेम दुप्पट वाजतो. उलट स्पीकर बदलला तर फुकटात फरक पडतो. सेलेस्टियनचा ग्रीनबॅक नावाचा बारा इंची स्पीकर एक वॉटला, एक मीटरवर ९८ डेसिबल देतो. पाच वॉट दिले की १०५. आता अमेरिकेतल्या निऑश या संस्थेची शिफारस बघा : ८५ डेसिबल आठ तास चालतील, १०० डेसिबल फक्त पंधरा मिनिटं. १०५ ला हिशेब पाच मिनिटांच्या आत संपतो. आणि आपल्याकडच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला रात्री दहानंतर मर्यादा आहे ४५ डेसिबलची. कोयनेकाठी रात्री किती सामसूम असते हे ज्यांना माहितीये, त्यांना पुढचं सांगायला नको.

मग लोक शंभर वॉटच्या मागे लागले कशाला? कारण एके काळी गरज होती. साठच्या दशकात स्टेजवर गिटारपुढे माइक लावून पीएवर टाकायची पद्धत नव्हती. गर्दीपर्यंत आवाज पोचवायचा तर तो अ‍ॅम्पनेच पोचवायचा. ‘द हू’च्या पीट टाउनशेंडसारख्यांना अजून मोठा आवाज हवा होता, म्हणून १९६५ च्या आसपास मार्शलचे शंभर वॉटचे अ‍ॅम्प आले. आज कॉलेजच्या गॅदरिंगलाही साऊंडवाला माइक लावतो. पाच वॉटच्या अ‍ॅम्पपुढे माइक ठेवला की तो हजार लोकांना ऐकू जातो. विश्वास बसत नसेल तर ‘लैला’ हा अल्बम ऐका. १९७० साली मायामीत एरिक क्लॅप्टनने तो रेकॉर्ड केला, तेव्हा त्याने फेंडरचा चँप वापरला होता. वॉट पाच, स्पीकर आठ इंची. शिकाऊ पोरांसाठी म्हणून विकला जाणारा अ‍ॅम्प!

आजोबांच्या रेडिओतला जादूगार

व्हॉल्व्ह म्हणजे काय, हे आजोबांना विचारा. मर्फी, फिलिप्स, बुश कंपनीचा रेडिओ, लावल्यावर अर्धा मिनिट थांबायचं, मग आतून नारिंगी उजेड आणि हळूहळू आवाज. पोस्टातून त्याचा परवाना काढावा लागायचा तो काळ. त्या काचेच्या नळीत एक तापलेली कॅथोड असते, तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या प्लेटकडे धावतात. मध्ये एक बारीक जाळी. गिटारचा इवलासा सिग्नल त्या जाळीवर दिला की ती पाण्याच्या दारासारखी कमी-जास्त उघडते. धरणाच्या गावातल्यांना वेगळं समजवायला नको. दार हलवायला ताकद थोडी लागते, पण वाहून जातं ते पाणी मोठं.

आणि मजा असते ती दार पूर्ण उघडल्यावर. आणखी उघडायला जागाच उरत नाही, तेव्हा आवाजाचं टोक कापलं जातं. व्हॉल्व्हमध्ये ते एकदम कापलं न जाता आधी गोलसर होत जातं. त्यालाच आपण ओव्हरड्राइव्ह म्हणतो. शंभर वॉटचा अ‍ॅम्प या जागी पोचेपर्यंत खिडक्यांच्या काचा हलतात. पाच वॉटचा अ‍ॅम्प तिथे लवकर पोचतो. हळू वाजवलं तर स्वच्छ, जोरात झटका दिला तर गुरगुर, गिटारचा व्हॉल्यूम थोडा खाली घेतला की परत स्वच्छ. छोट्या अ‍ॅम्पचं वेड लागतं ते यामुळे.

आता थोडा इतिहास, कारण तो आपल्याला वाटतो तेवढा परका नाही. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलरटनचा रेडिओ दुरुस्तीवाला. १९३८ मध्ये दुकान काढलं, गावातले वादक अ‍ॅम्प दुरुस्तीला आणायचे, त्यातून स्वतःचे बनवायला लागला. पन्नाशीच्या दशकातला त्याचा चँप म्हणजे फक्त तीन व्हॉल्व्ह : एक १२एएक्स७, एक ६व्ही६ आणि एक रेक्टिफायर. लंडनच्या जिम मार्शलने १९६२ मध्ये पहिला अ‍ॅम्प काढला, तो फेंडरच्या बासमनवरूनच उचललेला. त्याच साली कोयनेच्या पहिल्या टप्प्यातून वीज सुरू झाली, आणि त्याच्या वर्षभर आधी बंगळूरला भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले होते. म्हणजे लंडनला मार्शल घुमू लागला, तेव्हा व्हॉल्व्ह भारतातही बनत होते. आपण त्यात विविध भारती ऐकली, एवढाच फरक.

बुटिक म्हटलं की आपल्याला ब्लाऊजचं दुकान आठवतं. अ‍ॅम्पच्या दुनियेत बुटिक म्हणजे एक-दोन माणसांनी हाताने जोडलेला, थोड्या संख्येने निघणारा अ‍ॅम्प. यातली दंतकथा झालेली माणसं म्हणजे अलेक्झांडर डंबल आणि ट्रेनरेकचा केन फिशर. डंबल आपलं सर्किट कुणी चोरू नये म्हणून त्यावर इपॉक्सी ओतायचा. फिशर अ‍ॅम्पला नंबरऐवजी बायकांची नावं द्यायचा. आज डंबलचा जुना अ‍ॅम्प लाख डॉलरच्या पुढे जातो. त्या किमतीत टोन किती आणि कथा किती, हा प्रश्न विचारायचा नाही असा अलिखित नियम आहे. आपण विचारूया! कारण अमेरिकेतल्या व्हिक्टोरिया कंपनीचा ५१८ हा पाच वॉटचा बुटिक अ‍ॅम्प म्हणजे जुन्या चँपचीच निगुतीने केलेली नक्कल आहे. आणि एपिफोनचा व्हॉल्व्ह ज्युनिअर, बुगेराचा व्ही५, व्हॉक्सचा एसी४ हे कारखान्यात बनलेले अ‍ॅम्पही त्याच साध्या घराण्यातले : एक प्रीअ‍ॅम्पचा व्हॉल्व्ह, एक पॉवरचा ईएल८४. फरक असतो ट्रान्सफॉर्मर, लाकूड, स्पीकर आणि जोडणीत. तो ऐकू येतो का, आणि आला तर तेवढ्या पैशांचा आहे का, हे तुमच्या कानांनी ठरवायचं, नावाने नाही.

तुलना करायची तर डोळे मिटून

दोन अ‍ॅम्प शेजारी ठेवून ‘हा भारी, तो फालतू’ असं पाच मिनिटांत ठरवतात, त्या तुलनेला काही अर्थ नसतो. कानाचा एक जुना घोळ आहे : थोडा मोठा आवाज नेहमी जास्त चांगला वाटतो. बास आणि ट्रेबल दोन्ही भरल्यासारखे वाटतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. म्हणून मोबाइलवर डेसिबल मोजायचं फुकटचं अ‍ॅप घ्या, फोन एकाच जागी ठेवा आणि दोन्ही अ‍ॅम्प एकाच पातळीवर आणा. शक्य असेल तर दोन्ही एकाच स्पीकरवर ऐका, कारण निम्मा फरक स्पीकरचाच असतो. स्पीकर जोडताना ओहम जुळले पाहिजेत, ८ ला ८, १६ ला १६. आणि स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अ‍ॅम्प वाजवायचा नाही म्हणजे नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. मग मित्राला सांगा, तू बदल, मी पाठ करून बसतो. दहापैकी किती वेळा ओळखलं ते लिहून ठेवा. पाच-सहा वेळाच जमलं, तर महागाचा अ‍ॅम्प विसरा.

याच न्यायाने एक कडू गोष्टही मान्य करू. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलरसारखी फुकट सॉफ्टवेअर आज व्हॉल्व्ह अ‍ॅम्पची नक्कल इतकी जवळून करतात, की रेकॉर्डिंगमध्ये ओळखणं मुश्कील आहे. हॉस्टेलवर राहणाऱ्याने, बजेट तुटपुंजं असलेल्याने हेडफोन लावून तेच वापरावं, त्यात कमीपणा काही नाही. खोलीत समोर बसून वाजवताना बोटांना जे कळतं, ते मात्र मला अजून हेडफोनमध्ये सापडलेलं नाही. हे माझं मत, वाद घालायला तुम्ही मोकळे.

‘वर किती देणार?’

नवा घेण्यापेक्षा अदलाबदल स्वस्त पडते. माझा अ‍ॅम्प घे, तुझा दे, वर दोन हजार. ठीक आहे, पण समोरच्याच्या घरी जाऊन बघा, चौकात नाही. अ‍ॅम्प गार असताना सुरू करायला सांगा आणि निदान वीस मिनिटं तापू द्या, बरेच रोग गरम झाल्यावरच बाहेर येतात. काही न वाजवता व्हॉल्यूम वाढवा : थोडी हिस्स चालेल, जोराची घरघर म्हणजे कपॅसिटर म्हातारे झालेत. नॉब फिरवताना खरखर आली तर क्लीनरच्या फवाऱ्याने बहुतेक वेळा जाते, त्यावर सौदा मोडू नका. पेन्सिलने व्हॉल्व्हवर हलकेच टिचकी मारा. घंटीसारखा आवाज आला तर तो व्हॉल्व्ह बदलावा लागेल, तेवढे पैसे वजा करा. ट्रान्सफॉर्मर मूळचा आहे की बदललेला, हे विचाराच. जळकट वास आला तर चहा पिऊन परत या.

मागची व्होल्टेजची पट्टी वाचायला विसरू नका. परदेशातून आलेला अ‍ॅम्प अमेरिकेचा असेल तर १२० व्होल्ट, जपानचा तर १००. आपल्या २३० वर सरळ लावला तर नशीब असेल तर फ्यूज जातो, नसेल तर ट्रान्सफॉर्मर. स्टेप-डाऊन लागतो, आणि त्याचे पैसेही सौद्यात धरा. उलटं दुखणं खेडेगावात. व्होल्टेज १९० वर आलं तर व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ ऐवजी ५.२ व्होल्ट मिळतात, अ‍ॅम्प मरगळतो आणि आपण उगाच व्हॉल्व्हला दोष देतो. एडी व्हॅन हेलनने मुद्दाम व्होल्टेज उतरवून आपला प्रसिद्ध टोन मिळवला हे खरं, पण त्याने ते स्वतः ठरवून केलं होतं, डीपीवर अवलंबून नाही!

आता जिवाची गोष्ट. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा घराच्या माळ्यावर व्हॉल्व्हचा रेडिओ सापडला की डोक्यात किडा वळवळतो : यातच गिटार घुसवू. आत ईएल८४ किंवा ईसीएल८२ असेल तर कल्पना वेडी नाही. पण मागे ‘एसी/डीसी’ लिहिलेलं दिसलं, किंवा यूसीएल८२, यूएल८४ असे ‘यू’ने सुरू होणारे व्हॉल्व्ह दिसले, तर हात मागे घ्या. काही शहरांत पूर्वी डीसी पुरवठा असायचा, म्हणून दोन्हीवर चालणारे सेट निघाले. अशा सेटमध्ये मेन्सचा ट्रान्सफॉर्मर नसतो आणि लोखंडी सांगाडा थेट मेन्सच्या एका वायरला जोडलेला असतो. प्लग उलटा बसला की तो सांगाडा जिवंत. त्याला गिटार जोडली की तारा जिवंत, आणि तारांवर तुमची बोटं. एसी/डीसी बँडला नाव मिळालं शिलाई मशिनवरच्या अक्षरांवरून, ते ऐकायला छान. रेडिओवर तीच अक्षरं म्हणजे धोक्याची पाटी.

चांगल्या अ‍ॅम्पमध्येही आत अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी फिरत असतो, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर तो धरून ठेवू शकतात. व्हिडिओ बघून मागचं झाकण उघडू नका. कराड, सांगली, साताऱ्यात जुने रेडिओ मेकॅनिक शोधले तर अजून भेटतील. त्यांनी गिटार अ‍ॅम्प कधी पाहिला नसेल, पण तीन व्हॉल्व्हचं हे सर्किट त्यांना सरावाचं आहे. तापट असतात, थांबायला लावतात, पण एकदा बसवून घेतलं की दुपारभर शिकवतात. तीन तारांची प्लग, पक्कं अर्थिंग आणि बरोबर रेटिंगचा फ्यूज, एवढं त्यांच्याकडून आधी करून घ्या. टोनचं नंतर बघू.

सौदा जमला आणि अ‍ॅम्प एसटीने कोयनानगरला आणायचा असेल, तर व्हॉल्व्ह काढून घ्या. कुठला कुठे बसतो त्याचा आधी फोटो काढा, मग एकेक मोज्यात घालून टिफिनच्या डब्यात ठेवा. अ‍ॅम्प मांडीवर घ्या, डिकीत टाकू नका. पावसाळा असेल तर दोन प्लास्टिकच्या पिशव्या. घरी पोचल्यावर लगेच लावू नका, रात्रभर कोरड्या खोलीत राहू द्या. आणि सकाळी चालू करण्याआधी स्पीकरची वायर खोचली आहे का, ते दोनदा बघा.